मुलं गप्प होतात तेव्हा

आजचा विषय आहे किशोरवयातली चिंता आणि नैराश्य. मी डॉक्टर आहे तो तत्त्वज्ञानाचा, औषधांचा नव्हे. म्हणून सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

माझी नात दहावीत होती. शाळेची वेळ झाली की तिच्या पोटात दुखायचं. तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. मग मी तिला समोर बसवून अर्धा तास मनोनिग्रहावर बोललो. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजोबा, झालं का?" त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी मोकळेपणानं बोलली नाही.

चूक कुठे झाली? उत्तर मला गीतेत सापडलं, जी मी वर्षानुवर्षं शिकवत होतो! पहिल्या अध्यायाचं नावच अर्जुनविषादयोग. अर्जुनाला आजार होता असं मी म्हणत नाही. पण तो आधी काय सांगतो? अंग गळालंय, तोंड कोरडं पडलंय, कंप सुटलाय, उभं राहवत नाही. आधी शरीर, मग कारणं. या अख्ख्या अध्यायात श्रीकृष्ण बोलतो फक्त एक वाक्य. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला तो दोन श्लोकांत अर्जुनाला चांगलं फटकारतो. उपयोग होतो? नाही. अर्जुन आपली अडचण पुन्हा सांगतो, लढणार नाही म्हणतो आणि गप्प बसतो. खरा उपदेश सुरू होतो अकराव्या श्लोकापासून. रागावून जे श्रीकृष्णाला साधलं नाही, ते आपल्याला कसं साधणार?

आता थोडा फरक समजून घेऊ. भीतीला समोर काहीतरी असतं. कुत्रा अंगावर आला, भीती वाटली. चिंतेला समोर काही लागत नाही. 'उद्या काय होईल' एवढं पुरतं. डेन्मार्कचा तत्त्वज्ञ किर्केगार्द यानं १८४४ मध्ये चिंतेवर अख्खं पुस्तक लिहिलं. तो तिला स्वातंत्र्याची भोवळ म्हणतो. पंधराव्या वर्षी नेमकं तेच होतं की नाही? इतक्या वाटा दिसतात की पाय लटपटतात. नैराश्य वेगळं. तिथे वाटच दिसेनाशी होते, आवडीच्या गोष्टींतलीही गोडी जाते. मुलांमध्ये ते पुष्कळदा रडण्यातून नाही, चिडचिडीतून दिसतं. आपण म्हणतो, उद्धट झालाय!

हे काही दुर्मीळ नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात चारेक.

आपल्या कामोठ्यात आई-बाबा सकाळी मानसरोवर किंवा खांदेश्वरहून लोकल पकडतात, ते रात्रीच परततात. गावाकडचे आजी-आजोबा, चुलत भावंडं जवळ नाहीत. दोन खोल्यांच्या घरात मूल दिवसभर एकटं. दोष कुणाचाच नाही, पण ऐकणारं माणूस कमी पडतं.

मग करायचं काय? झोप, भूक, अभ्यास, मित्र यांत झालेला बदल दोन आठवडे टिकला, तर तज्ज्ञांकडे जा. कामोठ्यातच एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. सरकारची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची सेवा चोवीस तास, विनामूल्य आहे. आणि मूल 'जगावंसं वाटत नाही' असं काही बोललं, तर दोन आठवडे थांबायचं नाही. 'जीव द्यावासा वाटतो का?' असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मनावरचं ओझं हलकं होतं. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मदत घ्या.

नातीचं पुढे काय झालं? एका संध्याकाळी मी तिच्या शेजारी शेंगा सोलत बसलो. काही विचारलं नाही. बऱ्याच वेळानं तीच म्हणाली, "आजोबा, मला वर्गात श्वास घेता येत नाही." दुसऱ्या दिवशी आम्ही समुपदेशकाकडे गेलो. माझ्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानानं जे झालं नाही, ते पाव किलो शेंगांनी झालं.

प्रश्न असतील तर विचारा. आज मी जास्त ऐकणार आहे.