शेवटची नोंद : कंपनीचे विधिवत विसर्जन

दिवाळीच्या चोपडापूजनात नव्या वहीवर केशराचे स्वस्तिक उमटते. जुनी वही मात्र अनेक घरांत विधिवत मिटवली जात नाही. वडिलांनी उभारलेली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी थांबते, गोदाम विकले जाते, मुले अन्य व्यवसायांत स्थिरावतात. ‘कंपनी बंद केली’ असे घरातील सारे म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने ती जिवंतच असते.

कंपनी ही कायद्याने निर्माण केलेली व्यक्ती होय. निबंधकांच्या नोंदवहीत तिचे नाव आहे तोवर वार्षिक विवरणपत्रांचे कर्तव्य सुटत नाही. विलंब झाल्यास प्रत्येक विवरणपत्रामागे रोज 100 रुपये जादा शुल्क चढते. सलग 3 वर्षे विवरणपत्रे न भरल्यास संचालक 5 वर्षांसाठी अपात्र ठरतात आणि त्यांच्या चालत्या कंपन्यांतील पदेही धोक्यात येतात.

ज्या कंपनीकडे काही देणे उरलेले नाही आणि जिने 2 वर्षे व्यवहार केलेला नाही, तिला निबंधकांकडून नाव कमी करून घेता येते. हा मार्ग सोपा आहे. परंतु त्यानंतरही संचालकांचे दायित्व कायम राहते आणि न्यायाधिकरण 20 वर्षांपर्यंत कंपनी पुनरुज्जीवित करू शकते. मालमत्ता, सावकार वा कामगारांचे हिशोब शिल्लक असतील, तर दिवाळखोरी संहिता 2016 च्या कलम 59 नुसार स्वेच्छा अवसायन हाच राजमार्ग.

प्रारंभ संचालकांच्या प्रतिज्ञापत्राने होतो. कंपनीस कर्ज नाही, अथवा मालमत्तेतून ते पूर्ण फेडता येईल, आणि कोणासही फसविण्याचा हेतू नाही, असे बहुसंख्य संचालक शपथेवर सांगतात. त्यानंतर 4 आठवड्यांत भागधारक विशेष ठरावाने अवसायक नेमतात. कर्ज असल्यास, रकमेच्या दोन-तृतीयांश वाट्याच्या सावकारांची संमती 7 दिवसांत लागते. अवसायक एका इंग्रजी व एका प्रादेशिक वृत्तपत्रात जाहीर सूचना देतो, 30 दिवसांच्या मुदतीत दावे मागवितो, मालमत्ता विकतो आणि देणी फेडतो. भागधारकांचा क्रम सर्वांत शेवटी येतो. देणी पूर्ण फिटणार नाहीत असे दिसल्यास अवसायकाला न्यायाधिकरणाकडे जाऊन ही प्रक्रिया थांबवावी लागते.

पुष्कळ कुटुंबांची चूक येथेच होते. रक्कम वाटून झाली म्हणजे सारे संपले, असे मानले जाते. वस्तुतः अवसायन म्हणजे हिशोब मिटविणे आणि विसर्जन म्हणजे अस्तित्व संपणे. या दोन भिन्न गोष्टी आहेत. अंतिम अहवाल सादर करून अवसायक राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे अर्ज करतो. न्यायाधिकरणाच्या आदेशाच्या तारखेपासून कंपनी विसर्जित होते आणि आदेशाची प्रत 14 दिवसांत निबंधकांकडे जाते. सावकारांची संमती आवश्यक असल्यास अवसायनास 270 दिवसांची व नसल्यास 90 दिवसांची मुदत आहे. न्यायाधिकरणातील काळ याहून वेगळा.

श्रावकाच्या सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आणि न्यासापहार यांची गणना होते : खोटा लेख करणे आणि विश्वासाने ठेवलेली ठेव बुडविणे. शपथपत्रावरील असत्य पहिल्यात मोडते. नात्यातील विधवा आत्याने विश्वासाने ठेवलेली रक्कम भागधारकांच्या वाटपानंतर ‘पाहू’ म्हणून ढकलणे, हा दुसरा दोष. भावाभावांतील मनोमालिन्याचे मूळ बहुधा अशाच अर्धवट हिशोबात असते.

म्हणून कुटुंबाने प्रथम एकत्र बसून देण्यांची संपूर्ण यादी करावी : कामगारांची ग्रॅच्युइटी, कर, बँक, हातउसने, आप्तांच्या ठेवी. ज्याची नोंद वहीत नाही, पण स्मरणात आहे, तेही लिहावे. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणताना समोरच्याचे देणे आपल्याकडे उरलेले नसावे. पेढी सन्मानाने उघडणाऱ्या वडिलांच्या नावास ती सन्मानाने मिटवूनच शोभा येते.