जर्मन रेडिओयंत्रांचा सिंगापूरमार्ग

फ्रान्समधल्या लोरियाँ बंदरातून निघालेली आय-३० ही जपानी पाणबुडी १३ ऑक्टोबर १९४२ रोजी सिंगापूरला पोहोचली आणि त्याच दिवशी, पुढच्या प्रवासाला निघताच, केपेल बंदरापासून काही मैलांवर ब्रिटिश सुरुंगाला लागून बुडाली. १३ नौसैनिक दगावले. जर्मनीने मित्रराष्ट्र जपानला दिलेले वुर्झबर्ग रडार आणि त्याचे आराखडे तिच्यात होते. बुडी मारणाऱ्या माणसांनी तळाशी जाऊन बराच माल वर काढला, पण रडार मोडले होते आणि आराखडे वाचण्याजोगे राहिले नव्हते.

अर्ध्या जगाला वळसा घालून न्यावी इतकी जर्मन रेडिओयंत्रांची किंमत का होती, हे आज त्यांचे संग्राहक उत्तम जाणतात. युद्धकाळातल्या जर्मन विमानांतली रेडिओयंत्रे जमवणारे त्यांच्या बांधणीवर जीव टाकतात. हलक्या मिश्रधातूच्या ओतीव सांगाड्यात बसवलेले एकेक खण, बिघडला तर अख्खा काढून दुसरा बसवता येणारा. नामपट्टीवर बहुधा कारखान्याच्या नावाऐवजी दोन-तीन अक्षरांचा संकेत. आत टेलिफुंकनने घडवलेली ‘आरव्ही१२पी२०००’ ही छोटी निर्वात नळी. वेगवेगळ्या कामांना वेगवेगळ्या नळ्या वापरण्याऐवजी शक्य तिथे हीच वापरायची, म्हणजे आघाडीवर सुटे भाग सांभाळण्याचा व्याप कमी. मला हा विचार त्या नळीइतकाच सुंदर वाटतो.

‘पाइलगेरेट ६’ हे विमानातले दिशाशोधक यंत्र १५० ते १२०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात जमिनीवरची केंद्रे ऐके. त्याचा वेटोळ्याचा अँटेना फिरवत नेला की एका ठिकाणी आवाज जवळजवळ नाहीसा होतो. त्यावरून केंद्राची दिशा कळते, आणि दोन केंद्रांच्या दिशारेषा नकाशावर जिथे छेदतात तिथे आपले विमान. ढगांत आणि काळोखात याच्या आधाराने वैमानिक वाट काढत.

मात्र यंत्र हाती आले म्हणजे विद्या हाती आली असे होत नाही, आणि याचा दाखला सिंगापूरइतका स्पष्ट कुठेच मिळत नाही. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी ब्रिटिशांनी शहर जपान्यांच्या स्वाधीन केले. तिथे रडारच्या अवशेषांबरोबर न्यूमन नावाच्या ब्रिटिश तंत्रज्ञाची वही सापडली. तीत ‘यागी’ हा शब्द पुन्हा पुन्हा येई आणि जपानी अधिकाऱ्यांना तो उमगेना. अखेर एका युद्धकैद्याने सांगितले की हे एका जपानी प्राध्यापकाचे नाव आहे. हिदेत्सुगु यागी आणि शिंतारो उदा यांनी सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात १९२६ मध्ये मांडलेला तो अँटेना. दूरदर्शनच्या काळात आपल्या गच्च्यागच्च्यांवर उभा असलेला अँटेना याच कुळातला. आपल्याच माणसाचा शोध शत्रूच्या वहीतून कळावा, याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस, २७ फेब्रुवारीच्या रात्री, ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांनी फ्रान्समधल्या ब्रुनेव्हालवर छापा घालून वुर्झबर्गचे भाग पळवले. त्यांनी मात्र नेमके काय सोडवायचे हे जाणणारा रडार-तंत्रज्ञ, फ्लाइट सार्जंट कॉक्स, सोबत नेला होता.

पुढच्या खेपेला जर्मनांनीही माणूस पाठवला. ‘लुइजी तोरेल्ली’ ही इटालियन पाणबुडी जून १९४३ मध्ये बोर्दोहून निघाली तेव्हा तिच्यात वुर्झबर्गबरोबर टेलिफुंकनचे अभियंते हाइनरिख फोडर्स होते. ती ऑगस्टअखेर सिंगापूरला पोहोचली. ८ सप्टेंबरला इटलीच्या शरणागतीची बातमी आली, पाणबुडी ताब्यात घेतली गेली आणि पुढे आधी जर्मन, मग जपानी झेंड्याखाली वावरली. फोडर्स जपानला पोहोचले. त्यांच्या मदतीने वुर्झबर्गची जपानी आवृत्ती ‘ताची-२४’ आकाराला आली, पण युद्ध संपेपर्यंत तिचे उत्पादन रुळले नाही.

याच जलमार्गावरची आय-२९ ही जपानी पाणबुडी आपल्याला परकी नाही. एप्रिल १९४३ मध्ये मादागास्करजवळ जर्मन यू-१८० मधून नेताजी सुभाषचंद्र बोस आणि त्यांचे सहकारी आबिद हसन हिच्यातच आले. त्यानंतर जुलैमध्ये सिंगापूरच्या कॅथे थिएटरात नेताजींनी स्वातंत्र्य चळवळीची सूत्रे हाती घेतली. १४ जुलै १९४४ रोजी हीच पाणबुडी युरोपातून जर्मन जेट विमानांची माहिती घेऊन सिंगापूरला आली. इवाया नावाचे नौदल अधिकारी तिथे उतरले आणि थोडे कागद घेऊन विमानाने टोकियोला गेले. पाणबुडी २६ जुलैला अमेरिकेच्या ‘सॉफिश’ या पाणबुडीने बुडवली. इवायांच्या कागदांत बीएमडब्ल्यूच्या इंजिनाचा एक छेदचित्राचा नकाशा होता. त्यावरून जपानी अभियंत्यांनी आपले जेट इंजिन उभे केले आणि ते बसवलेले ‘किक्का’ विमान ७ ऑगस्ट १९४५ रोजी आकाशात उडाले.