स्नोडेन प्रकरण आणि जागल्याची व्याख्या

स्नोडेन प्रकरण म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेची (एनएसए) गोपनीय कागदपत्रे २०१३ साली उघड झाल्याचे प्रकरण होय. ती संस्थेसाठी कंत्राटी काम करणारे संगणकतज्ज्ञ एडवर्ड स्नोडेन यांनी पत्रकारांना दिली. सरकारी पाळतीचे गुपित फोडणाऱ्यास ‘जागल्या’ म्हणावे काय, हा वाद त्यामुळे तीव्र झाला.

इंग्रजी ‘व्हिसलब्लोअर’साठी मराठी वृत्तपत्रांत ‘जागल्या’ हा शब्द वापरला जातो. जागल्या म्हणजे रात्री जागून गावाची राखण करणारा. त्याची आरोळी साऱ्या गावासाठी असे. अमेरिकी कायद्यातील गुप्तचर खात्याच्या जागल्याला मात्र ती ठरावीक दारांपुढेच देता येते.

कायदा

१९८९च्या जागल्या संरक्षण कायद्यातून गुप्तचर संस्था वगळल्या आहेत. १९९८च्या स्वतंत्र कायद्याने त्यांच्या कर्मचाऱ्यांना व कंत्राटदारांना महानिरीक्षकांमार्फत संसदेच्या गुप्तवार्ता समित्यांकडे तक्रार नेण्याची वाट दिली. वृत्तपत्राकडे जाण्याची मुभा दिली नाही, आणि सूडाच्या कारवाईपासून संरक्षणही दिले नाही. ही वाट कितपत सुरक्षित होती, हे एनएसएचेच अधिकारी थॉमस ड्रेक यांच्या उदाहरणावरून दिसते. त्यांनी आधी महानिरीक्षकांच्या चौकशीत व संसदीय समित्यांपुढे माहिती दिली, नंतर ते एका वार्ताहराशी बोलले. २०१० मध्ये त्यांच्यावर हेरगिरी कायद्याखाली आरोप ठेवले गेले. पुढच्याच वर्षी ते मागे घेऊन किरकोळ गुन्ह्यावर प्रकरण मिटविण्यात आले.

स्नोडेन यांच्यावरही १९१७च्या याच कायद्याचा आणि सरकारी मालमत्तेच्या चोरीचा आरोप आहे. हेरगिरी कायद्यात लोकहिताच्या बचावाची तरतूद नाही. त्यामुळे वादाचा मूळ मुद्दाच न्यायालयात उपस्थित करणे जवळजवळ अशक्य ठरते.

कोणते गुपित?

पहिली बातमी ५ जून २०१३ रोजी ‘द गार्डियन’ने दिली. व्हेरायझन कंपनीने ग्राहकांच्या दूरध्वनींच्या नोंदी (कोणी, कोणास, केव्हा, किती वेळ) रोज एनएसएला द्याव्यात, असा एका गुप्त न्यायालयाचा आदेश तीत होता. त्यापूर्वी तीन महिन्यांच्या आतच, राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालक जेम्स क्लॅपर यांनी सिनेटच्या समितीपुढे असे संकलन जाणूनबुजून होत असल्याचे नाकारले होते. मे २०१५ मध्ये अपील न्यायालयाने ही सरसकट नोंदवसुली कायद्याच्या मर्यादेबाहेरची ठरविली आणि जूनमध्ये नव्या कायद्याने ती बंद करण्याचे ठरले. या कागदापुरता तरी जागल्याचा दावा भक्कम आहे.

इतर कागदांविषयी तसे म्हणता येत नाही. स्नोडेन यांनी हाँगकाँगच्या एका दैनिकाला चीनमधील संगणकांवर अमेरिका ठेवीत असलेल्या पाळतीची माहिती दिली. परकीय हेरगिरी हे तर एनएसएचे नेमलेले कामच. त्यात नागरिकांची फसवणूक कोणती, हे दाखविणे अवघड आहे. नेलेल्या कागदांपैकी बहुतेकांचा खासगीपणाशी संबंध नाही, असे सांगून प्रतिनिधिगृहाच्या समितीने २०१६ मध्ये त्यांना जागल्या मानण्यास नकार दिला. तथापि, बहुतेकांचा संबंध नसल्याने उरलेल्यांचा प्रश्न मिटत नाही.

रशियाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्नोडेन यांना नागरिकत्व दिले. त्यांच्यावरील खटला अमेरिकेत उभा राहिलेला नाही.