एका सेमिस्टरपुरतं युरोप

शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीत फियाट आणि टाटा मोटर्सचा संयुक्त कारखाना आहे. २०१७ पासून तिथे जीप कंपास तयार होते. म्हणजे युरोप कामाच्या निमित्ताने या दुष्काळी पट्ट्यापर्यंत कधीच येऊन पोचला आहे. उलट दिशेला, शिरूर-दौंडकडून युरोपातल्या एखाद्या विद्यापीठाकडे जाणारी वाट मात्र फारशी मळलेली नाही. परदेशी शिक्षण म्हटलं की दोन वर्षांचं एम.एस., तीस-चाळीस लाखांचं कर्ज आणि तारण ठेवलेली जमीन हेच चित्र घरच्यांच्या डोळ्यांपुढे येतं. दौंडहून शटलने अप-डाउन करणाऱ्या किंवा पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलामुलींना आणखी एक सोय असल्याचं सहसा कोणी सांगत नाही. पदवी इथलीच घ्यायची, त्यातलं एक सेमिस्टर तेवढं युरोपात करायचं.

या सोयीचं सगळ्यात मोठं नाव म्हणजे इरॅस्मस. १९८७ मध्ये ११ देशांतल्या ३,२४४ विद्यार्थ्यांपासून ही योजना सुरू झाली. त्या वेळी ती युरोपातल्या युरोपात फिरण्यापुरतीच होती. आता 'इरॅस्मस प्लस' या नावाने ती भारतासारख्या देशांनाही खुली आहे आणि २०२१ ते २०२७ या काळासाठी तिची तरतूद सुमारे २६ अब्ज युरोंची आहे. निवड झालेल्या विद्यार्थ्याला यजमान विद्यापीठ शिक्षण शुल्क आकारत नाही. प्रवासखर्चाला हातभार लागतो, शिवाय देशानुसार महिन्याला ८०० ते ९०० युरो खर्चायला मिळतात. काटकसरीने राहणाऱ्याला ते पुरतात.

मग अडतं कुठे? बहुतेकांना वाटतं इंग्रजीवर, नाहीतर पैशावर. खरी अडचण त्याआधीच उभी असते. सेमिस्टरपुरतं जायचं तर आपल्या विद्यापीठाचा किंवा कॉलेजचा तिकडच्या विद्यापीठाशी करार झालेला असावा लागतो. करार नसेल, तर नव्वद टक्के मिळवणाऱ्या मुलीलाही या दारातून आत जाता येत नाही. असे करार करायचे म्हणजे पत्रव्यवहार करणारं, अभ्यासक्रम जुळवणारं, परदेशी पाहुण्यांची सोय बघणारं कार्यालय हवं. मोठ्या विद्यापीठांकडे आणि पुण्यातल्या नामांकित कॉलेजांकडे ते असतं. ज्या कॉलेजात एकच क्लार्क प्रवेशापासून शिष्यवृत्तीपर्यंतचं सगळं सांभाळतो, तिथून काय अपेक्षा करायची? सरकारी नियमही मोठ्यांनाच झुकतं माप देतात. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार ट्विनिंग पद्धतीत विद्यार्थ्याला ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट परदेशात मिळवता येतात, पण असा कार्यक्रम थेट सुरू करायला संस्थेचा नॅक मूल्यांकनातला गुणांक किमान ३.०१ हवा, किंवा ती एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीतल्या विद्यापीठांच्या यादीत पहिल्या शंभरात, नाहीतर 'इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स' तरी हवी. जर्मनीच्या डाड या संस्थेची 'वाइज' ही इंटर्नशिपची शिष्यवृत्तीसुद्धा निवडक संस्थांमधल्या मुलांसाठीच असते. गुणवत्ता विद्यार्थ्याची मोजायची आणि दार मात्र संस्थेकडे बघून उघडायचं, असा हा कारभार आहे.

करार असला तरी पुढचा घोळ वेळापत्रकाचा. आपल्याकडे सेमिस्टर जून-जुलैत सुरू होऊन दिवाळीच्या आगेमागे परीक्षेपर्यंत येतं. जर्मनीत हिवाळी सत्राची व्याख्यानं ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होऊन फेब्रुवारीपर्यंत चालतात, परीक्षा त्यानंतर. म्हणजे इथलं पाचवं सेमिस्टर संपत आलेलं असताना तिकडे पहिला तास, आणि तिकडची परीक्षा संपेतो इथलं सहावं निम्मं पार पडलेलं. म्हणूनच जाण्याआधी 'लर्निंग अ‍ॅग्रीमेंट' नावाचा कागद करावा लागतो. तिकडे कोणते विषय घेणार आणि इथल्या कोणत्या विषयांऐवजी ते धरले जाणार, हे त्यावर लिहिलेलं असतं आणि विद्यार्थी व दोन्ही संस्था अशा तिघांच्या सह्या असतात. हा कागद ढिसाळ झाला, तर परत आल्यावर विषय राहिल्याचं कळतं आणि वर्ष लांबतं. युरोपात एका सेमिस्टरची ३० क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचा अभ्यास. त्यात वर्गात बसण्याचा वेळ थोडा, ग्रंथालयात आणि खोलीवर करायचं काम जास्त. गुणांची तऱ्हाही उलटी. जर्मनीत १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास आणि ५.० म्हणजे नापास. 'एक मिळाला' हे फोनवर ऐकून इकडे आईच्या पोटात गोळा आला, तर तिला दोष देता येणार नाही.

दोन विद्यापीठांच्या ओढाताणीचा एक थोर दाखला आहे. लंडनमध्ये शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२२ च्या सुमारास जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात नाव दाखल केलं आणि ते काही काळ तिथे राहिलेही. लंडनच्या प्रबंधाचं काम अजून पुरं व्हायचं होतं. तिथून त्यांचे मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन यांचं बोलावणं आलं आणि बॉनचा अभ्यास अर्धवट राहिला. लंडनची डी.एस्सी. त्यांना १९२३ मध्ये मिळाली. १ जानेवारी १९२७ रोजी त्यांनी ज्या कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभाला भेट दिली, तो शिरूरला लागून असलेल्या हवेली तालुक्यात येतो. दरवर्षी लाखो लोक तिथे अभिवादनाला जमतात, पण बॉनमधल्या त्या महिन्यांची आठवण क्वचितच निघते.

आता पैशाचं. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, सेमिस्टर त्याहून मोठं. त्यामुळे त्या त्या देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा काढावा लागतो. शिष्यवृत्ती नसेल तर जर्मनी बँकेच्या गोठवलेल्या ('ब्लॉक्ड') खात्यात पैसे दाखवायला सांगते. सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा महिन्याला ९९२ युरो, वर्षाला ११,९०४ युरो झाला. सहा महिन्यांचे म्हटले तरी सहा लाख रुपयांच्या घरात जातात. हे पैसे खर्च झाले असं नव्हे, दर महिन्याला थोडे थोडे आपल्यालाच परत मिळतात. पण उसाचं बिल आणि कांद्याची पट्टी यांवर ज्या घराचं वर्ष चालतं, तिथे एवढी रक्कम एकदम उभी करायची कशी? शिष्यवृत्तीचं पत्र असलं की हा डोंगर बाजूला होतो. शिष्यवृत्तीविना नुसती शुल्कमाफी देणाऱ्या करारांना गावाकडची मुलं बिचकतात, ते यामुळे.

तिथे पोचल्यावरचे पहिले दिवस कचेऱ्यांत जातात. जर्मनीत राहत्या पत्त्याची नोंद करावी लागते, आरोग्य विमा लागतो, बँकेचं काम असतं. मेसचा डबा नाही, रविवारी दुकानं बंद, रात्री दहानंतर आवाज केलेला शेजाऱ्यांना खपत नाही. विद्यार्थ्यांच्या कँटीनला तिकडे 'मेन्झा' म्हणतात. तिथे शाकाहारी पदार्थ मिळतो, पण रोज तोच खाणारा लवकरच कुकरची शिट्टी मोजायला शिकतो. व्याख्यानाला हजेरी बऱ्याचदा घेत नाहीत, ही गोष्ट सुरुवातीला फार गोड वाटते. बीएच्या पातळीवरचे बहुतेक तास जर्मनमध्येच चालतात, म्हणून पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आधी वर्ष-दीड वर्ष घालवलेलं असेल तरच निभाव लागतो. नेदरलँड्स किंवा स्कँडिनेव्हियात इंग्रजीवर बरंच भागतं.

ज्यांच्या कॉलेजचा कुठेच करार नाही, त्यांना पदवीनंतर एक वेगळं दार आहे. इरॅस्मस मुंडस या संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमांत विद्यार्थी किमान दोन देशांत शिकतो, काही ठिकाणी दर सेमिस्टरला देश बदलतो. शिष्यवृत्ती महिन्याला १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने. ती मिळवणाऱ्यांत भारतीयांची संख्या दरवर्षी मोठी असते. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाही अर्ज करता येतो. तो करायचा स्वतः आणि थेट, कॉलेजच्या कराराशी त्याचा संबंध नसतो. बहुतेक अभ्यासक्रमांची मुदत ऑक्टोबर ते जानेवारी, म्हणजे कांदा लागवडीच्या दिवसांत. गुणपत्रकं, प्राध्यापकांची दोन शिफारसपत्रं, पासपोर्ट आणि इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल हे सगळं त्याआधी हाताशी हवं. यात सगळ्यात जास्त वेळ प्राध्यापकांच्या पत्रांना लागतो, तेव्हा ती गणपतीच्या सुट्टीआधीच मागितलेली बरी.