नाण्याची पारख

पोतदार आणि पारखी ही मराठीतली आडनावे आपण रोज ऐकतो. त्यांच्यामागचा धंदा मात्र आपण विसरलो आहोत. साऱ्यापोटी आलेले नाणे खरे की खोटे, पुऱ्या वजनाचे की झिजलेले, हे पाहणारा तो पोतदार. गावगाड्यात हे काम बहुधा सोनाराकडे असे. पेशवाईत एकाच बाजारात अनेक टाकसाळींचे रुपये चालत. एक टाकसाळ तर आमच्या मावळाच्या दाराशी, चिंचवडला होती. रुपयाचा कस कमी भरला की सराफ काही रक्कम कापून घेई. त्या कापणीला बट्टा म्हणत. नावाला बट्टा लागतो तो हाच.

श्रोतेहो, आज हा विषय घेण्याचे कारण असे की, मावळात सध्या जमीन फार खणली जाते आहे. लोणावळ्यापासून पवनेच्या काठापर्यंत बंगल्यांचे पाये निघतात, रस्ते रुंद होतात, विहिरी उपसल्या जातात आणि मधूनच मातीतून एखादे नाणे वर येते. मी कविता लिहिणारा माणूस. पण घरी उर्दू शिकल्यामुळे फारसी अक्षरे लावता येतात आणि भिंग घेऊन बसायची हौस आहे, म्हणून अशी नाणी माझ्यापर्यंत पोहोचतात. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो : ‘‘ह्याचे किती येतील?’’ प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर पाच पायऱ्या चढून मिळते, आणि लोक पहिल्याच पायरीवरून उडी मारायला बघतात.

पहिली पायरी : नाणे खरे आहे का? ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १८१८ साल आणि मागे रामदरबार किंवा हनुमान अशी ‘नाणी’ घरोघरी देव्हाऱ्यात असतात. त्यांच्यासाठी लाखांचे भाव सांगितले जातात. कंपनीने अशी नाणी कधी पाडलीच नाहीत. ती श्रद्धेने जपलेली बिल्ले आहेत. देव्हाऱ्यात त्यांचा मान आहे, बाजारात नाही. शिवकालीन म्हणून दाखवलेल्या नाण्यावर महाराजांची छबी असेल किंवा साल कोरलेले असेल, तर ते नक्कल समजावे, कारण महाराजांच्या नाण्यांवर दोन्हीही नाही. साच्यात ओतलेल्या खोट्या नाण्याच्या कडेला जोडाची रेघ दिसते, पृष्ठभागावर बारीक खड्डे असतात आणि अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत लागतात. सोने, चांदी, तांबे यांना लोहचुंबक ओढत नाही, हीही एक घरगुती परीक्षा आहे.

दुसरी पायरी : हे नाणे कोणते? मावळात सर्वांत जास्त सापडते ती तांब्याची शिवराई. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हापासून हा शिक्का सुरू झाला. मात्र तो लोकांच्या इतका ओळखीचा झाला, की महाराजांच्या मागेही पिढ्यान्‌पिढ्या शिवराया पडत राहिल्या आणि एकोणिसाव्या शतकातही त्या बाजारात चालत होत्या. ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्या मध्ये दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई ही अशीच नंतरची. म्हणजे हातात शिवराई आली की ती महाराजांच्याच हयातीतली, असे धरून चालता येत नाही. जुन्या शिवराया सहसा जाड, वजनदार आणि ठिपक्यांच्या कडेच्या; नंतरच्या हलक्या. साधी दुदांडी आजही काही शे रुपयांत मिळते. महाराजांचा सोन्याचा होन मात्र फार दुर्मीळ, पावणेतीन ग्रॅमच्या आसपास वजनाचा; आणि दुर्मीळ आहे म्हणूनच त्याच्या नकला मुबलक. पेशव्यांच्या पुण्याचा अंकुशी रुपया पाहिला तर गंमत वाटते. राज्य मराठ्यांचे, खूण हत्तीच्या अंकुशाची, आणि मजकूर फारसीत, दिल्लीच्या बादशहाच्या नावाचा! बाजाराला ज्या नाण्याची सवय होती, त्याच रूपात नवे नाणे आले.

तिसरी पायरी प्रतीची, म्हणजे नाणे किती चांगल्या अवस्थेत आहे याची. अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी बसवली. एक म्हणजे कसेबसे ओळखू येणारे. साठच्या पुढे म्हणजे व्यवहारात न फिरलेले. सत्तर म्हणजे निर्दोष. आज जगभर हीच पट्टी वापरतात, आणि आपल्याकडचे व्यापारी ‘फाइन’, ‘व्हेरी फाइन’, ‘एक्स्ट्रा फाइन’ म्हणतात ते हेच टप्पे. राणीच्या रुपयावर ती नीट लागू पडते. नाण्यावर जे उंच असते ते आधी झिजते; म्हणून भुवई, गालाचा उंचवटा आणि मुकुटातली नक्षी पाहायची. पुरा रुपया ११.६६ ग्रॅमचा, तो किती उतरला हे तराजू सांगतो.

यंत्रावर पडलेल्या नाण्याचे हे माप शिवराईला जसेच्या तसे लावता येत नाही. तिथे खाली एक ठसा, वर एक ठसा, मध्ये धातूची चकती आणि वरून हातोड्याचा घाव, असा प्रकार होता. ठसा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे पुरा मजकूर क्वचितच उमटे. कारागिराचा हात थोडा सरकला की ‘श्री’ निसटली. म्हणून हाताने पाडलेल्या नाण्यात झीज वेगळी पाहायची आणि घाव वेगळा पाहायचा : शिक्का मधोमध बसला आहे का, किती अक्षरे चकतीवर आली आहेत, घाव दोन्हीकडे सारखा आहे का. रुपयांवर सराफांनी तपासणीसाठी मारलेले बारीक छाप असतात. माळेत ओवण्यासाठी पाडलेले भोक असते, कडी उपटल्याची खूण असते. या सगळ्यांनी प्रत उतरते.

प्रत सर्वांत जास्त उतरवतात ते मात्र आपलेच हात. मागे पवनाकाठचा एक तरुण पाया खणताना सापडलेले पाच पैसे घेऊन आला. ‘‘चाचा, ह्याच्यावर काय लिहिलंय ते बघा.’’ चार काळपट होते, पाचवा लखलखीत. देवापुढे ठेवायचा म्हणून त्याच्या आईने तो चिंच-मीठ लावून घासला होता. काळ्या चारांवर भिंगाखाली अक्षरे एकेक करून लागली. चकचकीत पैशावर एक उभी काठी तेवढी उरली होती. ‘‘मग हा गेलाच का?’’ त्याने विचारले. मी म्हणालो, ‘‘गेला नाही, मुका झाला.’’

तांब्यावर वर्षानुवर्षे चढणारा काळपट, हिरवट थर हा नाण्याचे कवच आहे. अक्षराची उरलीसुरली कड त्या थरातच टिकलेली असते. आंबटाने थर निघाला की ती कडही जाते. हाताला पूड लागेल असा भुसभुशीत, फिकट हिरवा कळंक धरला असेल तर तो रोग आहे. मावळच्या पावसात आणि दमट घरांत तो वाढतो. असे नाणे कोरडे ठेवून जाणकाराकडे न्यावे. बाकी कशाला ब्रशही लावू नये. धरायचे ते कडेने, बोट तोंडावर न लावता.

चौथी पायरी दुर्मीळतेची. जुने म्हणजे दुर्मीळ, हा समज सोडून द्यावा. जी नाणी अमाप पडली त्यांना दोनशे वर्षांनीही फार भाव नाही. उलट १९११ सालचा पंचम जॉर्जचा रुपया पाहा. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. त्यावर आक्षेप आले, मुसलमानांकडून विशेष आले. सरकारने बाहेर न पडलेली नाणी वितळवली आणि पुढच्या साली हत्तीची सोंड स्पष्ट केली. १९११ आणि १९१२ च्या रुपयांत चांदी तेवढीच. पण हौशी माणूस पहिल्याला जास्त पैसे मोजतो.

पाचवी पायरी सगळ्यांत कमी लोक चढतात. नाणे कुठे आणि कशाबरोबर सापडले? १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे चांदीच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. ती क्षत्रप नहपानाची नाणी. त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा मारलेला होता. प्रतीच्या पट्टीने पाहिले तर ही बिघडलेली नाणी : एका चेहऱ्यावर दुसरा ठसा, दोन्ही अर्धवट. पण नहपानाचे राज्य कोणी संपवले याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा त्याच बिघाडात आहे. आमच्या कार्ल्याच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंना करजिक गाव दिल्याचा लेख आहे. त्याच लेण्यात त्याच गावाविषयी नंतरचा सातवाहन हुकूमही कोरलेला आहे, आणि तो मामाल येथील अमात्याला उद्देशून आहे. मामाल म्हणजे आपले मावळ. दगडावरचा लेख आणि चांदीवरचा शिक्का एकच सत्तांतर सांगतात. तो साठा गुपचूप वाटला गेला असता, तर प्रत्येकाच्या हाती एक खराब नाणे तेवढे उरले असते.

नाणे सापडले की लोक गप्प का बसतात, हेही समजून घ्यायला हवे. १८७८ च्या गुप्तधन कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेले, दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही सापडले, तर कलेक्टरला लेखी कळवावे लागते. न कळवल्यास हक्क जातो आणि शिक्षाही होऊ शकते. कोणी मालक ठरला नाही आणि वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से सापडणाऱ्याला, एक हिस्सा जागेच्या मालकाला. पण सरकारने ते धन ठेवून घेतले तर मोबदला धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त, एवढाच. तांब्याच्या पैशाला हा मोडीचा भाव झाला. नाण्याचे मोल अक्षरात आणि कायद्याचा मोबदला धातूत, हे अंतर मिटल्याशिवाय माणसे मोकळेपणी पुढे येणार नाहीत, असे मला वाटते. तोवरही नियम पाळण्यातच शहाणपण आहे. शंभर वर्षांवरची नाणी देशाबाहेर विकण्यास १९७२ च्या कायद्याने बंदी आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

आणखी एक सावधगिरी. फोनवर कोणी वैष्णोदेवीच्या नाण्याचे किंवा ७८६ क्रमांकाच्या नोटेचे लाखो रुपये सांगतो आणि आधी ‘नोंदणी शुल्क’ मागतो, तेव्हा तिथेच फोन ठेवावा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितले आहे, की अशा व्यवहारांशी बँकेचा संबंध नाही आणि बँक त्यासाठी शुल्क किंवा कमिशन घेत नाही.

नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, मुंबईत रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय आहे. विकण्याआधी नाणे जाणकाराला दाखवावे, निदान दोन व्यापाऱ्यांना विचारावे. १६७४ मध्ये इंग्रजांनी आपले नाणे स्वराज्यात चालावे म्हणून कलम मागितले, तेव्हा महाराजांनी रयतेला तोटा होईल असे नाणे घेण्याची सक्ती करायला नकार दिला. वजन आणि कस चोख असेल तर अडवणार नाही, एवढेच म्हटले. रयतेचा तोटा होऊ नये, हाच पारख करण्याचा मूळ हेतू.

तेव्हा उद्या फावड्याला काही लागले, तर ते पुसू नका. साध्या कागदाच्या पाकिटात ठेवा आणि पाकिटावर गाव, शेत, किती खोल, सोबत काय होते आणि तारीख एवढे लिहा. भाव कोणीही नंतर सांगू शकेल. ते पाच शब्द मात्र ज्याने नाणे उचलले, त्यालाच लिहिता येतात.