किट की सुटे भाग? जुन्या येझदीचे इंजिन बांधण्याआधी

बेंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये संपिगे रोड आणि मार्गोसा रोडच्या आसपासच्या क्रॉसवर जी थोडी जुनी घरे उरली आहेत, त्यांच्या पोर्चमध्ये कापडाखाली झाकलेली एखादी जावा किंवा येझदी मोटरसायकल अजून दिसते. त्यात नवल नाही. या गाड्या इथून दीडशे किलोमीटरच्या आत, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून बनत होत्या, आणि जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा दिनाला बेंगळुरूत त्यांची रांग लागते. घरातली गाडी पुन्हा चालू करायची ठरली की पहिला सल्ला येतो तो असा : फुल इंजिन किट मागवा, सगळे एकदम बदलून टाका. दुसरा तितक्याच ठामपणे उलटा येतो : किटच्या नादी लागू नका, जे. सी. रोडवरच्या सुट्या भागांच्या दुकानांत फिरा, एकेक भाग पारखून घ्या. मला दोन्ही सल्ले अपुरे वाटतात, कारण दोन्हींची सुरुवात खरेदीपासून होते. इंजिनाचे काम मोजमापापासून सुरू होते. काय संचात घ्यायचे आणि काय सुटे, हे त्या मोजमापातून ठरते.

सर्वांत पक्का गैरसमज असा की किट म्हणजे कंपनीने एकमेकांना जुळवून दिलेले भाग. कारखाना चालू होता तेव्हा या समजाला आधार होता. कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावे परत आली, पण त्या नव्या गाड्यांची इंजिने फोर-स्ट्रोक आणि लिक्विड-कूल्ड आहेत, त्यांचा एकही अंतर्गत भाग जुन्या टू-स्ट्रोक इंजिनात बसत नाही. म्हणजे आज जुन्या गाडीचे किट म्हणून जे मिळते, ते कोणा विक्रेत्याने वेगवेगळ्या ठिकाणचे भाग एका खोक्यात भरून तयार केलेले असते. पिस्टन एकाचा, सील दुसऱ्याचे, पॅकिंग तिसऱ्याचे. त्यातला प्रत्येक भाग वाईट असेल असे नाही, पण ते एकमेकांशी जुळतात याची हमी देणारे कोणी नसते. अमेरिकेतल्या हॉट रॉडवाल्यांचे उदाहरण देऊन किटची बाजू घेतली जाते, तेव्हा अर्धीच गोष्ट सांगितली जाते. १९५५ मध्ये आलेले शेव्हरोलेचे स्मॉल-ब्लॉक इंजिन प्रचंड संख्येने बनले, म्हणून त्याची किट स्वस्त आणि भरवशाची झाली. तरीही ते किट मागवताना बोअर किती वाढवला आणि क्रँकचे जर्नल किती घासून कमी केले, हे दोन आकडे आधी सांगावे लागतात. म्हणजे तिथेही इंजिन खोलून, मोजून आणि मशीनिंग ठरवूनच ऑर्डर जाते.

येझदीच्या २५० सीसी इंजिनाचा बोअर ६५ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५ मिलिमीटर. पन्नास वर्षे चाललेला सिलिंडर ६५ चा राहत नाही आणि गोलही राहत नाही, तो एका बाजूने जास्त झिजतो. त्यात किटमधला स्टँडर्ड पिस्टन घातला तर तो खडखडणार आणि नव्या रिंगाही नीट बसणार नाहीत. अशा वेळी बोअरिंग करून एक साइज वाढवायची आणि त्या साइजचा पिस्टन घ्यायचा. ओव्हरसाइज पिस्टन साधारणपणे पाव-पाव मिलिमीटरच्या टप्प्यांत मिळतात. पिस्टन आणि सिलिंडरमधली फट मिलिमीटरच्या शतांशांत मोजतात, कारण ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या सिलिंडरपेक्षा दीडपट ते दुप्पट प्रसरण पावतो. फट कमी पडली तर इंजिन तापल्यावर पिस्टन पकडतो, जास्त झाली तर तो थडथडत राहतो. ही फट खोक्यात मिळत नाही, ती बोअरिंगवाल्याच्या हातून तयार होते. काही किटमध्ये नवा सिलिंडरही असतो आणि त्यामुळे बोअरिंग वाचते असे सांगतात. इथे मी जास्त सावध राहीन. टू-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह नसतात, सिलिंडरच्या भिंतीतली भोके, म्हणजे पोर्ट, हेच व्हॉल्व्हचे काम करतात. पोर्टची उंची मिलिमीटरभर चुकली तरी गाडीचा जोर कुठल्या वेगाला येतो ते बदलते. मूळ सिलिंडरला तडा गेला नसेल आणि बोअर वाढवायला जागा असेल, तर तोच राखणे मला योग्य वाटते.

आता उलट बाजूचा गैरसमज : सगळे सुटे घेणे म्हणजेच जाणकाराची रीत. तेही खरे नाही. पिस्टन, रिंगा, पिन आणि सर्क्लिप एकाच उत्पादकाचा संच म्हणून घ्यावा. कनेक्टिंग रॉड, क्रँकपिन, बिग-एंडचे बेअरिंग आणि वॉशर यांचेही तसेच, कारण या भागांमधली फट उत्पादकानेच धरलेली असते आणि दोन दुकानांतले भाग एकत्र आणले की ती बिघडते. मात्र त्यापुढचे काम कुठलाच संच करून देत नाही. या इंजिनाचा क्रँक एकसंध नसतो, पिनवर दोन्ही बाजू दाबून बसवलेल्या असतात. नवी पिन प्रेसवर बसवल्यावर क्रँक सेंटरमध्ये धरून डायल गेजने सरळ करावा लागतो. हे टाळले तर उत्तम बेअरिंगही लवकर जातात आणि दोष मात्र बेअरिंगला दिला जातो.

मेन बेअरिंग सुटे घ्यायला हरकत नाही, कारण त्यांची मापे आंतरराष्ट्रीय मानकांनी ठरलेली आहेत. ६३०५ क्रमांकाचे बेअरिंग कोणत्याही कंपनीचे असले तरी आतून २५, बाहेरून ६२ आणि रुंदीला १७ मिलिमीटरच असते. क्रमांकापुढची सी-३ सारखी खूण मात्र वाचायला हवी, ती आतली फट नेहमीपेक्षा जास्त असल्याचे सांगते. रबराची गोष्ट वेगळी आहे. कारखान्याच्या काळातला न वापरलेला माल सर्वांत उत्तम, ही समजूत धातूच्या भागांपुरती बरीचशी बरोबर आहे, पण तीस वर्षे पाकिटात पडलेले ऑइल सील कडक झालेले असते. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचे सील गळले की इंजिन बाहेरची हवा ओढते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि उष्णता वाढून पिस्टन पकडतो. क्लचच्या बाजूचे सील गेले तर गिअर ऑइल ओढले जाते आणि निळा धूर निघतो. त्यात इंधनही बदलले आहे. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची सुरुवात फेब्रुवारी २०२३ मध्ये बेंगळुरूतूनच झाली, आणि जुन्या पद्धतीच्या रबराला इथेनॉल सोसत नाही. म्हणून सील, कार्ब्युरेटरचे पॅकिंग आणि पेट्रोलची नळी अलीकडे बनलेली आणि इथेनॉल सोसणारी घ्यावी, किटमध्ये काहीही आले असले तरी.

यावर रास्त आक्षेप असा की नोकरी करणाऱ्या माणसाला दुकाने पालथी घालायला वेळ नसतो आणि किट शेवटी स्वस्तही पडते. वेळेचा मुद्दा मला मान्य आहे. सिलिंडरच हरवला असेल किंवा बोअरची शेवटची साइजही संपली असेल, तर सिलिंडर-पिस्टनचे किट हाच व्यवहार्य मार्ग आहे. स्वस्ताईचा हिशेब मात्र अर्धवट असतो. किटच्या किमतीत बोअरिंग नसते, क्रँकची मजुरी नसते, आणि त्यातले काही भाग तुमच्या इंजिनाला लागतही नाहीत. काही जण दोन्ही कटकटी टाळायला दुसऱ्या गाडीचे पूर्ण इंजिन बसवतात, पण क्रँककेसवरचा नंबर आरसीवरच्या नंबराशी जुळला पाहिजे आणि इंजिन बदलायचे तर आरटीओची मंजुरी लागते.

मोजायला मालकाकडे मायक्रोमीटर असण्याची गरज नाही. इंजिन खोलल्यावर बोअरची मापे वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी घेऊन कागदावर लिहून मागा. तो कागद हातात आला की खरेदीला निघा. आणि सिलिंडर बोअरिंगला टाकताना नवा पिस्टन सोबत द्या, कारण शेवटचा हात त्या पिस्टनच्या मापावर फिरवायचा असतो.