कांद्याच्या भावाआधीची जाहिरात

लासूर स्टेशनचा आजचा कांद्याचा भाव मोबाइलवर पाहायला जावं, तर आधी ‘शुगर मुळापासून घालवणारं’ चूर्ण आडवं येतं. ती जाहिरात बहुतेक वेळा आधीपासून तिथे लावलेली नसते. पान उघडता उघडता, डोळ्याचं पातं लवायच्या आत, तुमच्या नजरेचा लिलाव होतो. कुठे राहता, आधी काय शोधलंत, यावर बोली लागते. कांद्याच्या लिलावासारखंच, फक्त इथे माल तुम्हीच.

यावर एक उपाय म्हणजे अ‍ॅडब्लॉकर. तो जाहिरातींच्या सर्व्हरकडे जाणारी मागणीच ब्राउझरमध्ये अडवतो. डेटा वाचतो, पान पटकन उघडतं. अ‍ॅपमधल्या जाहिरातींपुढे मात्र त्याचं फारसं चालत नाही. शिवाय भाव फुकट दाखवणाऱ्याचं उत्पन्न बुडतं, हेही खरंच.

पण चूर्णवाल्याला आवरणं हे ग्राहकाचं काम का असावं? मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानेच मनाई आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. कायदे आहेत, तक्रारी कमी पडतात. तक्रार करायला ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.